टिंबांशेजारी उभी टेकडी

आमच्या गोंदियाजवळच्या फुलचूरच्या ऑफिसात कामापेक्षा किस्सेच जास्त साचतात. मी नवी, त्यात कमी बोलणारी. म्हणून सगळे माझ्याच वाट्याला येतात. गप्प माणसासमोर लोक फार बिनधास्त असतात!

लग्नानंतरची ही माझी पहिली नोकरी, आणि पहिलंच काम मासोळ्यांचं. नवेगाव बांधच्या तलावात बारीक जाळ्यांत पिल्लंच धरली जातात. हे मच्छीमार संस्थेच्या सभेला पटलं, तरच ती जाळी बंद होणार. ग्राफ माझ्याकडे. एक टिंब म्हणजे एक मासा; जितका लांब, तितका वर. शेजारी डेन्सिटीची टेकडी: जिथे माशांची गर्दी, तिथे तिचा फुगवटा.

*

टेकडी आली ती आडवी! सर म्हणाले, "हे काऊन झोपून राहिली? उभी करा तिला."

मी कोड शोधेपर्यंत शेजारच्या टेबलावरच्या ममताताईंनी टिंबं आणि टेकडी, दोन्हींचे प्रिंट काढले. टेकडी कात्रीने कापली, उभी फिरवली आणि डब्यातल्या भाताच्या शितांनी टिंबांशेजारी चिकटवून कागद भिंतीला लावला. "झालं! कायले पाहिजे कोड?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर टिंबं होती, टेकडी खाली. शितं मुंग्यांनी नेलेली!

ताई शांतपणे म्हणाल्या, "भात गोंदियाचा आहे सर. मुंग्या सोडतील?"

*

शेवटी कोडमध्ये मी अक्ष पलटले. टेकडी उठली! पण फुगवटा नेमका तिथे, जिथे एकही टिंब नाही. दोन्ही ग्राफची मापंच वेगळी होती.

सर चष्मा पुसत म्हणाले, "मासा नाही तिथंच गर्दी?"

"माझ्या लग्नात असंच झालं सर," ममताताई म्हणाल्या. "नवरा-नवरी स्टेजवर, गर्दी जेवणाकडे!"

मी दोन्हींना एकच माप लावलं. टेकडी सरकली आणि टिंबांच्या दाटीसमोर बरोब्बर उभी राहिली. मी टाळी वाजवली. ऑफिसातला माझा पहिला मोठा आवाज!

*

घरी सासूबाई लॅपटॉपमध्ये डोकावल्या. "दिवसभर हेच करून राहिली?"

"हो आई. आडवी होती, उभी केली."

संध्याकाळी त्या शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून पहाड उभे करते माय! पगार घेऊन!"

*

आणि मग सभा. ऐन वेळी सरांचा घसा बसला, म्हणून पडद्यापाशी मी.

"फुगवटा खालीच आहे. म्हणजे जाळ्यात येतात त्या बहुतेक लहान मासोळ्या."

बारीक जाळ्यांचे खंदे वकील सदारामकाका ताडकन उठले. "खोटं दाखवून राहिली हे बाई! आमच्या तलावात मोठेच मासे निघतात!"

सभा त्यांच्याकडे वळली. सरांनी डोळे मिटले.

बाजूच्या मांडवात सभेचं जेवण शिजत होतं. मासे सकाळी काकांच्याच जाळ्यातून आलेले. मी हळूच विचारलं, "काका, आज रश्शात कोणते टाकले?"

काकांआधी रश्शाच्या गंजाजवळच्या बाईनेच पळी उंचावली. "बारीकच आहेत जी! मोठा एक नाही भेटला!"

हशा थांबेना. अध्यक्षांनी तेवढ्यात विचारून घेतलं, "बारीक जाळं बंद? हात वर करा!"

मांडवापर्यंत हात वर झाले. सगळ्यांत शेवटी काकांचा.

"बंद तं बंद," ते म्हणाले. "पन जेवन झाल्यावर!"