चंदा आत्यानं खाल्ला म्हणे

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सदर बाजारात तिच्यासाठी मऊ चपला बघत होते. चपला न घेताच ऑटोत बसले... त्याला महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मनात कडवटपणा नसावा म्हणतात. माझ्या मनात सध्या दुसरं काहीच नाही.

आत्यानं जन्मभर विजय नगरातल्या मुलांना गणित शिकवलं. त्यातलाच एक मिलिंद. मागच्या वेळी तो नगरसेवकपदासाठी उभा राहिला, तेव्हा 'आपला पोरगा आहे' म्हणत तिनं भर उन्हात आमच्या या हिंदी शहरातली मराठी घरं वर्गणीसाठी पालथी घातली. जमलेला चंदा रोज त्याच्या हातात द्यायची आणि वहीत त्याची सही घ्यायची. त्यानं ते पैसे गाड्यांच्या डिझेलात आणि रिछाईच्या कारखान्यांकडच्या एका शेडमधल्या मटणाच्या पंगतींत उडवले. निवडणूक अधिकाऱ्याला दिलेल्या खर्चाच्या विवरणात त्यातलं काही दाखवलं नाही. हरल्यावर लोक विचारू लागले, तेव्हा सहज म्हणाला, "चंदा तो काकूंकडेच होता."

एवढं पुरलं. गणपतीची वर्गणी वर्षानुवर्षं आत्या गोळा करायची. ते काम कोणी काही न बोलता दुसऱ्याला दिलं. मी त्याच्या सह्यांची वही लोकांना दाखवायला निघाले, तर तिनं हात धरला. "जाऊ दे नं बाई. त्याचं लग्न व्हायचं आहे. काहून त्याचं नाव खराब करून राहिली?" तिच्या या चांगुलपणाचा मला आजही राग येतो. शेवटपर्यंत ती मान खाली घालूनच भाजी आणायला जायची.

शोकसभेत मिलिंदनं माईक घेतला. काकू मला आईसारख्या होत्या, वगैरे. यंदा तो पुन्हा उभा आहे. सभा संपल्यावर मी त्याला बाजूला घेऊन वही दाखवली.

"दीदी, चुनाव सिर पे है," तो पुटपुटला. "ही मला देऊन टाका."

"तिनं ज्या ज्या घरून पैसे आणले, तिथं जाऊन सांग, काकूंनी एक पैसा खाल्ला नाही, सगळा मी उडवला. मी सोबत येते. नाहीतर वही निवडणूक अधिकाऱ्याकडे जाईल."

काल दुपारी निघालो. दर दारात त्याचा आवाज आणखी बारीक होत गेला आणि मला बरं वाटत गेलं, खोटं कशाला बोलू. आठव्या घरातून बाहेर पडल्यावर तो घाम पुसत थांबला.

"दीदी, जरा पाणी..."

"शेवटच्या घरी मिळेल," मी म्हणाले.

शेवटचं घर आमचं आहे. आत्याची वेताची खुर्ची तिथं अजून दाराकडे तोंड करून आहे.