उजवीकडे वळणारा जावई

माझं लग्न जीपवर ठरलं. मुलगी मला पसंत होती. मी तिला पसंत होतो की नाही हे त्या काळी कोणी विचारत नसे. पण बोलणी जमली ती जीपवर.

बोलणी करायला माझे मामा बोदवडला गेले होते. मुलीच्या वडिलांना सगळे आबा म्हणायचे. मानपान, देणंघेणं यातलं आबांनी काहीच काढलं नाही. त्यांची अट एकच होती, जावयाला मोटार चालवता आली पाहिजे. त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको बाळंतपणात अडली. भुसावळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असं सांगण्यात आलं. रेल्वेला फार वेळ होता. गावातल्या एका व्यापाऱ्याची मोटार दारात उभी होती, पण तिचा ड्रायव्हर लग्नाला गेलेला आणि दुसऱ्या कोणाला ती चालवता येईना. शेवटी बैलगाडी जुंपली. अर्ध्या वाटेवर बाई गेली आणि मूलही गेलं. त्यानंतर आबांनी लिलावातली एक जुनी लष्करी जीप घेऊन दारात उभी केली. ती ते मुलीबरोबर सासरी देणार होते.

"माझ्या पोरीच्या दारात गाडी असंल आन् घरात चालवणारा असंल, एवढंच मले पाह्यजे," असं ते म्हणाले.

यावर मामांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "आमचा भाचा? अहो, तो तर जीपच चालवतो!"

मी जळगावला एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या काट्यावर कारकून होतो. जिनाच्या शेठजींची जीप होती हे खरं. मी तिच्यात बसायचो हेही खरं. डाव्या बाजूला, मांडीवर वह्या घेऊन.

मामा परत आल्यावर मी त्यांच्यावर असा काही उखडलो की वडिलांना मध्ये पडावं लागलं. मामा शांतपणे सुपारी कातरत होते. "लग्नाला अडीच महिने आहेत," ते म्हणाले. "माणसं अडीच महिन्यांत काय काय शिकतात!" स्वतः मामांना सायकलही येत नव्हती. मी बोदवडला जाऊन खरं सांगायला हवं होतं. पण मुलगी मला पसंत होती, हे वर सांगितलंच आहे. मी गप्प बसलो.

शिकवायला तयार झाले ते जिनाचे ड्रायव्हर. त्यांना आम्ही नाना म्हणत असू. धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी आणि तेही मोजकं. शेठजी मारवाडी, मनाने मोकळे, पण गाडीच्या बाबतीत कडक. त्यांनी दोन अटी घातल्या. जिनाच्या आवारात शिकायचं नाही, कारण कापसाजवळ पेट्रोलची गाडी नको. आणि पक्कं येईपर्यंत रस्त्यावर न्यायची नाही. "रस्त्यावर नेलीस तर तिकडेच राहा, गाडी तेवढी पाठवून दे," असं त्यांनी बजावलं. नानांनाही ते पटलं. "रस्तावर मानसं ऱ्हातस," ते म्हणाले. "मोकळी जागा देख."

मोकळी जागा म्हणजे पिंप्राळ्यातलं आमचं खळं. तेव्हा पिंप्राळा जळगावात आलं नव्हतं, गावच होतं. फाल्गुन लागला होता. दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, कापून कणसं खळ्यात येऊन पडली होती, आणि आमच्या दोन बैलांपैकी एक लंगडत होता. वडिलांनी जीपकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"फिरायचंच आहे ना गोल गोल?" ते म्हणाले. "मग कणसांवरून फिर."

आणि अशा रीतीने माझं शिक्षण आणि आमची मळणी बरोबरच सुरू झाली. खळ्याच्या मध्ये मेढ, म्हणजे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. भोवती कणसं पसरलेली. मी पहिल्या गिअरमध्ये फिरायचो, नाना शेजारी बसायचे. त्यांनी गाडीत पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला होता. क्लच सोडताना पाणी सांडलं की गाडी बंद करायची, उतरायचं, तांब्या भरून आणायचा, पुन्हा सुरुवात. पहिल्या आठवड्यात मी गाडी कमी चालवली आणि पाणीच जास्त भरलं. वडील बादली घेऊन कडेला उभे असायचे. धुराड्यातून ठिणगी पडली तर माझ्याआधी दादर वाचवायची, हे त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

खांब कोणत्या बाजूला ठेवायचा, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. "तुन्हा बाजूले ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "दिसी तुले." बरोबरच होतं. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, खांब उजवीकडे असला की तो दिसतो, धडक बसत नाही. यात कोणाला काही खटकलं नाही. बैलही रोज एकाच बाजूने फिरतात आणि त्यांचं काही अडत नाही.

नाना शिकवायचे मात्र जीव लावून. मळलेला भुसा चाकाखाली तुळतुळीत होतो, गाडी मागून सरकायला लागते. पहिल्यांदा सरकली तेव्हा मी घाबरून ब्रेकवर उभाच राहिलो आणि गाडी आडवी होऊन वडिलांच्या बादलीपाशी थांबली. "पाय काढ! दाबू नको!" नाना ओरडले. मग त्यांनी मुद्दाम भुशावर पाणी मारलं आणि चार दिवस मला त्यावरच सरकवलं. गाडी जिकडे सरकते तिकडेच चाक हलक्या हाताने द्यायचं, पाय ब्रेकवरून काढून घ्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं. तोंडाचा काय संबंध, असं मी विचारलं. ओरडणारा माणूस पायही दाबतो, असं ते म्हणाले. मी आजही गाडी सरकली की तोंड मिटतो.

आमची दादर झाली, मग शेजाऱ्यांनी त्यांची कणसं आणून टाकली. नंतर निम्मी गल्ली आली. महिनाभर मी पिंप्राळ्याची मळणी केली. तांब्यातलं पाणी सांडेनासं झालं. बायका म्हणायच्या, "बैलाला निदान मुसकी तरी बांधतात, याचं तोंड मोकळंच आहे." मी लक्ष दिलं नाही. मला येत होतं. नानाही म्हणाले, येतं.

नानांनी लायसन्सची परीक्षा धुळ्याला ठरवली. त्यांच्या मते तिथले साहेब जळगावच्या साहेबांपेक्षा मऊ होते. नानांनी जीप धुळ्याला नेली, मी नेहमीसारखा डावीकडे बसलो. परीक्षेचे साहेब खरोखरच मऊ होते. मैदानात मी गाडी सुरू केली, पुढे घेतली, थांबवली. साहेबांनी मान डोलावली.

"आता डावीकडे घ्या."

मी हात हलवायला गेलो आणि हात हललेच नाहीत. महिनाभर मी डावीकडे वळलोच नव्हतो, हे मला त्या क्षणी कळलं. डावीकडे जमिनीचा अंदाजच येईना. चाक कुठे आहे, कड कुठे आहे, काही कळेना. मागून नाना बघत होते. मग मी मला येत होतं ते केलं. उजवीकडे वळलो, पुन्हा उजवीकडे वळलो, तिसऱ्यांदा उजवीकडे वळलो आणि डावीकडे निघालो.

साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली. "हे काय होतं?"

"डावीकडे आलो, साहेब."

ते उतरून चहा प्यायला गेले ते परत आलेच नाहीत. नाना बोनेटला टेकून उभे होते. "मन्ही चूक शे," ते म्हणाले. "बठ्ठं शिकाडं, डावं ऱ्हाई गयं."

मामा म्हणाले, लग्न होऊ दे, मग शीक, कोण बघतंय. पण धुळ्याहून परतताना माझ्या डोक्यात त्या बैलगाडीचा रस्ता घुसला होता. ज्याची बायको रस्त्यात गेली त्याला मी फसवत होतो, आणि त्याच्याच मुलीला. माझीच मला किळस आली. दुसऱ्या दिवशी मी पॅसेंजरने बोदवडला गेलो. लग्न मोडणार हे धरूनच गेलो होतो.

आबा ओट्यावर बसले होते. अंगात बंडी आणि मनगटाला घड्याळ. ते घड्याळ त्यांनी बायको गेल्यावर घेतलं होतं. त्या प्रवासात किती वेळ गेला हे त्यांना कधी कळलं नाही, म्हणून.

"आबा, मला गाडी येत नाही," मी म्हणालो. "खळ्यावर येते. उजवीकडे येते. मामा खोटं बोलले."

"आन् तुम्ही?"

"मी गप्प बसलो."

"म्हंजे तुम्हीबी बोलले."

आतून सगळं ऐकत असलेली मुलगी पाणी घेऊन आली आणि तांब्या माझ्या डाव्या हाताशी ठेवून आत गेली. हे मुद्दाम केल्याचं तिनं लग्नानंतर हसत हसत कबूल केलं. आबा उठले आणि अंगणातल्या जीपवरची ताडपत्री त्यांनी ओढून काढली.

"ह्या फाटकातून भुसावळचा रस्ता डाव्या हाताले आहे," ते म्हणाले. "तुम्हाले नेमकं तेच येत न्हाई."

"नाही येत."

त्यांनी घड्याळात पाहिलं. त्यात काय दिसलं देव जाणे. "लग्नाले एकवीस दिवस आहेत. मोकळं वावर मागं आहे. तुमच्या त्या नानाले बोलवून घ्या."

मागच्या वावरात आबांनी स्वतः खांब रोवला. एकवीस दिवसांतले एकोणीस दिवस मी त्याच्याभोवती डावीकडे वळत फिरलो. साहेबांनी दुसऱ्यांदा डावीकडे घ्यायला सांगितलं तेव्हा घेतली. लग्न झालं. जीप घेऊन मी आणि ही पिंप्राळ्याला आलो, आणि आबांचं घोडं गंगेत न्हालं, असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या वर्षी हिला दिवस गेले. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि पहिलं बाळंतपण म्हणून आबा तिला माहेरी न्यायला आले. आम्ही जीपनेच गेलो. बोदवडला जेवण झालं. निरोप घेतला, मी गाडी सुरू केली आणि फाटकापर्यंत आलो. एवढ्यात आबा धावत येऊन गाडीपुढे उभे राहिले.

"कुठं निघाले?"

"घरी."

"आन् गाडी?"

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीच्या दारात गाडी आणि घरात चालवणारा, ही सगळी तयारी आम्ही सासरी करून ठेवली होती. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या कोणाच्या डोक्यात ते दोन वर्षांत आलं नव्हतं. मामांच्याही नाही, माझ्याही नाही, आणि ज्याने हा सारा घाट घातला त्याच्याही नाही. ही दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. आबा हसत नव्हते. त्यांनी बोनेटवरचा हात काढला नाही.

मी गाडी बंद केली.

जावई बाळंतपणासाठी सासुरवाडीला राहिला, ही गोष्ट बोदवडात पुढे वर्षभर पुरली. शेठजींना रजेची चिठ्ठी गेली तेव्हा त्यांनी विचारलं म्हणे, बाळंत कोण होणार आहे, ती का तो? मी दोन महिने राहिलो. जीप फाटकात, तोंड रस्त्याकडे करून उभी असायची. रोज सकाळी मी ती सुरू करायचो, आबा आवाज ऐकायचे, मग चहा घ्यायचे.

आणि एका सकाळी, चहाच्या सुमारास, ही सुखरूप बाळंत झाली. सुईण आत गेली आणि तासाभरात मुलगी झाली. जीपला कोणी हातही लावला नाही. गल्लीत साखर वाटली. मी ओट्यावरच बसून राहिलो.

दुपारी आबा धुतलेला सदरा घालून बाहेर आले. "चला, जावईबापू."

"कुठं? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. चला."

ते शेजारी बसले. फाटकातून मी गाडी डावीकडे घेतली. आबा भुसावळला नेहमी रेल्वेने जायचे. या रस्त्याने ते त्या दिवसानंतर गेले नव्हते. रस्ता कच्चा होता, मी सांभाळून चालवत होतो. अर्ध्या वाटेवर एक मोठा कडुलिंब आला आणि आबा ताठ बसले. मी पाय हलका केला.

"थांबू नका," ते म्हणाले.

दवाखान्याच्या दारात मी गाडी उभी केली. आत जायचं काही कारण नव्हतं. बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या, कोणी डबा घेऊन चाललं होतं. आबांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

"एका तासाचा रस्ता व्हता," ते म्हणाले. "एवढंच व्हतं."

मग ते रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, म्हणून समोर बघत बसलो. थोड्या वेळाने त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि नातीला दुपटं घ्यायचं म्हणून गाडी बाजाराकडे घ्यायला सांगितली.