अठरा मिनिटांचे अंतर

उत्तरेकडील एका वायुतळावर मालवाहू विमानांच्या तुकडीत मी नॅव्हिगेटर होतो. प्रातःसंध्या आटोपून ब्रीफिंगला जावे, दोन विमानतळांमधील अंतर नकाशावर मोजावे, वाऱ्याची दिशा व वेग जमेस धरून उड्डाणाचा काळ काढावा, हा नित्यक्रम. आज रत्नागिरीत आमच्या सूनबाई मोबाइलवर दोन शहरांची नावे घालतात आणि अंतर, वेळ क्षणात समोर येते. त्या उत्तरात वारा नसतो.

आमचा लोडमास्टर सार्जंट अनंत भुवड हेदवीजवळच्या वाडीतला. विमानातील सामान व माणसे त्याच्या स्वाधीन असत. प्रत्येक उड्डाणापूर्वी तो विचारी, "सर, आज किती?"

"पंचावन्न मिनिटे."

"म्हंजे रत्नागिरीहून सुटलेली आमची हेदवीची एस.टी. जाकादेवीला च्या पीत असंल."

त्या दिवशी आम्ही डोंगरांतील तळावरून परतत होतो. मागे एकच प्रवासी, पाय मोडलेला एक जवान, स्ट्रेचरवर. ढगांत शिरल्यावर मागच्या दाराचे सील फुटले आणि केबिनमधील दाब गेला. सर्वांनी ऑक्सिजनचे मास्क चढविले. दोन्ही बाजूंना शिखरे असल्यामुळे मास्कविना श्वास घेता येईल इतके विमान खाली आणणे अशक्य होते.

कॅप्टन म्हणाले, "नॅव्ह, मागे की पुढे?"

नकाशावर मागचा तळ जवळ होता. परंतु वारा पाठीशी होता. मी गणित केले. "पुढे, सर. अठरा मिनिटांत डोंगर संपतील."

इंटरकॉमवर भुवडचा आवाज आला. "सर, किती म्हणालात?"

"अठरा."

"नक्की?"

"नक्की."

"म्हंजे एस.टी. अजून रत्नागिरीतच, साळवी स्टॉपला."

त्यानंतर तो बोलला नाही. कॅप्टन मधून मधून विचारीत, "लोड, चेक." उत्तरादाखल इंटरकॉमच्या बटणाचे दोन खटके ऐकू येत. बोलणे शक्य नसेल तेव्हा 'सर्व ठीक' कळविण्याची ती आमची रीत. मी वळणे सांगत राहिलो. नकाशावरून नजर काढता येत नव्हती.

गणित चुकले नाही. चाके धावपट्टीला टेकून विमान थांबताच मी मागे गेलो. भुवड स्ट्रेचरला टेकून बसला होता. ओठ निळे. त्याचा मास्क जवानाच्या तोंडावर होता आणि बटण जवानाच्या मुठीत.

जवान म्हणाला, "माझा मास्क बंद पडला, साहेब. त्यांनी आपला लावला. म्हणाले, विचारलं की दोनदा दाब. नाहीतर नॅव्हिगेटर साहेब इकडे धावत येतील, मग सगळेच डोंगरात."

भुवड गेला होता. कॅप्टनांनी मला दोनदा हाक मारली म्हणे. मला ऐकू आली नाही.

पुढे त्याच्या वाडीवर गेलो. वडील ओटीवर बसले होते. त्यांनी विचारले, "तुमी सांगितलेली अठरा मिन्टा खरी होती?"

"खरी होती."

"माणूस एवढा वेळ तगत नाय, ह्या त्याला ठाव होता?"

"होता. इतरांना तोच शिकवीत असे."

"मग जाणून दिलान," ते म्हणाले आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकविला.

सर्वपित्री अमावास्येस मी पितरांना तिलोदक देतो. शेवटी सख्यांचे, मित्रांचे स्मरण असते. भुवडचे गोत्र विचारायचे राहून गेले. गोत्र अज्ञात असल्यास काश्यप म्हणावे, असे शास्त्र सांगते. म्हणून काश्यपगोत्री सार्जंट अनंत भुवड, असा हुद्द्यासह उच्चार करतो आणि ओंजळ सोडतो.