माझ्या कमरेचं साहेबांना कळलं तेव्हा

दोंडाईचाकडच्या रुळांवर, रेल्वेच्या गँगमध्ये, मी आणि माझा जोडीदार एकाच स्लीपरला समोरासमोर उभे राहून बीटर मारायचो. बीटर म्हणजे कुदळीसारखं जड हत्यार; त्याच्या बोथट टोकानं स्लीपरखाली खडी ठासायची. त्याचा घाव पडला की माझा. जरा चुकलं तर समोरच्याचा घोटाच जायचा. इतका भरवसा मी सख्ख्या भावावर टाकला नसता.

एका उन्हाळ्यात पहारीनं रूळ उचलताना माझी कंबर धरली. मी जागीच बसलो. तो मुकादमाला म्हणाला, “भाऊले ऊन लागनं,” आणि मला बाभळीखाली नेऊन निजवलं. संध्याकाळी घरी येऊन, माझी बायको नको नको म्हणत असताना, त्यानं स्वतः तेल चोळलं.

“कोणले सांगू नको,” मी म्हणालो.

“मी कसाले सांगू?”

पुढे कंबर दुखली की जड बाजू तो मुकाट्यानं आपल्याकडे घ्यायचा.

मग हायड्रॉलिक जॅक आणि खडी ठासायची मशीनं येणार असं कळलं. जो उचलायला चार माणसं पहारीला लोंबकळायची, तो रूळ जॅकचा दांडा दाबला की अलगद वर येणार. मी मनातून हरखलो. शिकायला गँगमधले दोघंच जाणार होते, आणि आम्ही जोडीनं जायचं हे आमचं ठरलेलंच होतं.

मुकादमानं सकाळी नावं सांगितली. एक माझ्या जोडीदाराचं, दुसरं त्याच्या मेहुण्याचं. मेहुणा आमच्याच गँगमध्ये नवा आला होता.

मी साहेबांकडे गेलो. साहेब मायेनंच बोलले. “अरे, तुझ्या भल्यासाठीच. तुझी कंबर गेलेली. मशीनचे हादरे तुला सोसतील का?”

माझ्या कमरेचं तीनच माणसांना ठाऊक होतं. मी, माझी बायको आणि तो.

हत्यारांच्या खोलीमागे त्याला गाठलं. तो चप्पल झटकत राहिला.

“साहेबले तू सांगं?”

“मी खोटं सांगं का, भाऊ?” वर न बघता तो म्हणाला. “मना साला नवा शे. त्याले कोन पुढे करी?”

खोटं तो खरंच बोलला नव्हता.

मशीनचे हादरे न सोसणारी माझी कंबर पहारीला मात्र चालली. जिथं मशीन न्यायला परवडत नाही, तिथल्या बारीकसारीक कामांना आजही आम्हालाच पाठवतात. माझ्यासमोर आता दुसरा गडी असतो. चांगला आहे. तरी त्याचा बीटर वर गेला की माझा पाय आपोआप मागे सरतो.

मागच्या हिवाळ्यात त्यांची मशीन गँग आमच्याच पट्ट्यात आली. दुपारी मशीन थांबलं तसा तो भाकरी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

“कंबर कशी शे?” त्यानं विचारलं.

मी डबा उचलला आणि जाऊन पलीकडच्या सावलीत बसलो.