थांबा, चहा आहे

मला सूड घ्यायचा होता. पुढे ज्यांना ही गोष्ट कळली त्यांनी तिला बरीच चांगली नावं दिली. कुणी स्वाभिमान म्हणालं, कुणी बायांचा आवाज म्हणालं. मी कुणालाच अडवलं नाही, कौतुक कुणाला नको असतं? पण त्या दुपारी साऊंडच्या टेबलामागे बसले होते तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं, की या माणसाची भर सभागृहात जिरवायची.

हा माणूस म्हणजे आमचा दादा. नात्यातला नाही, कॉलेजात माझ्या पुढे होता म्हणून दादा. वाशिममध्ये एका कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत त्याने पॉडकास्टचं नेटवर्क काढलं होतं. नेटवर्क हा त्याचाच शब्द. खोलीच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून जुन्या गाद्या ठोकलेल्या, आणि जिन्यातून खताचा वास वर यायचा. तिथून आमचे चार-पाच कार्यक्रम निघायचे, सगळे वऱ्हाडीत. दादा आणि त्याचा मित्र मिळून पाहुण्यांशी गप्पा मारायचे, तो एक. बाकी शेतीसल्ला, लहान मुलांच्या गोष्टी, भजनं, आणि एक माझा.

माझा कार्यक्रम निंदणाऱ्या, म्हणजे पिकातलं गवत काढणाऱ्या बायांसाठी होता. मी किन्हीराजाजवळच्या खेड्यातली. कॉलेजच्या सुट्ट्यांत आईबरोबर दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायचे, त्यामुळे ते काम माझ्या कंबरेला पाठ आहे. टोळीत प्रत्येक बाईला एक पात मिळते, म्हणजे शेताच्या या धुऱ्यापासून, या बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत पिकाच्या ओळींचा एक पट्टा. पात धरली की बाई वाकते आणि पलीकडच्या धुऱ्यावर पोचल्यावरच कंबर सरळ करते. मी माझा प्रत्येक भाग एका पातीएवढा करायचे. वाकताना सुरू, धुऱ्यावर खलास. पाणी प्यायचं, दुसरी पात धरायची, दुसरा भाग लावायचा.

त्यात रेशनच्या, घरकुलाच्या कामाच्या बातम्या असायच्या, आणि शेवटी काकू यायची. काकूचा आवाज मीच काढायचे. ती मी माझ्या मावशीवरून घेतली होती. मावशीचा जन्म निंदण्यात गेला, पण तिच्या जिभेला कधी गवत उगवलं नाही. ‘जावाई पाव्हना म्हनून आला अन् आठ दिवस झाले हालत नाई, आता त्याले बी एक पात द्या,’ हे मावशीचंच वाक्य. ते मी काकूच्या तोंडी घातलं तेव्हा एका टोळीतली म्हातारी हसून हसून सोयाबीनमध्येच बसली, असं मला फोन करून सांगितलं गेलं.

टोळीत बहुतेक एकीच्याच फोनमध्ये नेट असायचं. तो फोन जेवणाच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा ठेवायचा, म्हणजे आवाज मोठा होतो. पाती पुढे सरकल्या की कुणीतरी डबा उचलून पुढे ठेवायची. अशी अख्खी टोळी ऐकायची.

एक दिवस दादाने सगळ्यांना बोलावलं. तो पुण्याला कुठल्याशा शिबिराला जाऊन आला होता आणि येताना नवे शब्द घेऊन आला होता.

“आपन लय ठिकानी हात मारून राह्यलो,” तो म्हणाला. “आता सबन ताकद एकाच शोवर. मेन शो.”

मेन शो कुठला हे विचारायची गरज नव्हती. शेतीसल्लावाला मान हलवत होता, भजनवाला मोबाईल बघत होता.

“अन् माह्या बाया?” मी विचारलं.

त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. “हे पाह्य. एवढेसे लोक आयकते तुह्या कार्यक्रमाले.”

“दादा, डब्यातल्या एका फोनवर अख्खी टोळी आयकते. एक फोन म्हनजे एक बाई नाई.”

“जे स्क्रीनवर नाई ते नाईच. जाहिरातवाल्याले मी काय डबा दाखवू?”

सगळे हसले. मी म्हटलं, एक दिवस माझ्याबरोबर शेतात चल, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. तो त्याच्या पांढऱ्या बुटांकडे बघून म्हणाला, चिखल किती आहे. आणि जाता जाता म्हणाला, “काकू तेवढी मेन शोमध्ये घेऊ. लोकाइले मजा येईन.” मी नाही म्हटलं. तो म्हणाला, ती नेटवर्कची आहे.

पुढच्याच आठवड्यात काकू मेन शोमध्ये आली. दादाच्या मित्राने पातळ आवाज काढला, साडी नेसून व्हिडिओही केला. त्याचा पहिलाच विनोद बाया निंदताना कशा वाकतात यावर होता. तो मी गाद्यांच्या त्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, स्वतःच्या हाताने रेकॉर्ड केला. मला आता मेन शोचा साऊंड सांभाळायचा होता आणि पाहुण्यांना पाणी द्यायचं होतं. विनोद झाल्यावर दादाने माईकमागून अंगठा दाखवला आणि मीही त्याला अंगठा दाखवला. माझ्या मावशीला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. संतापाने माझे कान गरम झाले होते आणि हेडफोन काढायची सोय नव्हती.

आईने विचारलं, नोकरी सोडत का नाहीस. मी सोडली नाही. बाहेर पडले असते तर नुसता तळतळाट करत बसले असते. आत राहिले म्हणून माझ्या हाताशी बटणं तरी होती.

काही दिवसांनी रिठदकडच्या एका टोळीच्या म्होरकीचा फोन आला. टोळी गोळा करणं, मालकाशी बोलणं, सुट्टी जाहीर करणं हे सगळं तिच्याकडे असतं. ही बाई माझे भाग पहिल्या दिवसापासून लावायची.

“काहून वो, आपली काकू त्या बाप्याले देली?”

“देली नाई, नेली.”

ती म्हणाली, “मंग तू कायले गप बसून राह्यली?”

त्याचं उत्तर काही दिवसांनी दादानेच आणून दिलं.

मेन शोला एक साड्यांचा दुकानदार जाहिरात द्यायला तयार झाला होता. त्याची अट सरळ होती. त्याला बाया हव्या होत्या, आणि समोर बसलेल्या हव्या होत्या. दादाच्या शोला ऐकणारे सगळे कानात इयरफोन घालून फिरणारे पोट्टे. तेव्हा दादाने ठरवलं की रिठदला मंगल कार्यालय घ्यायचं, प्रेक्षकांसमोर कार्यक्रम करायचा, तो तसाच थेट नेटवर सोडायचा आणि तिथे कायम ठेवायचा. दुकानदाराला त्याने तसा शब्द दिला. मग तो माझ्या टेबलापाशी आला.

“तुह्या बाया आनशीन?”

ज्या बाया स्क्रीनवर नव्हत्या म्हणून नव्हत्याच, त्या आता त्याला भरून हव्या होत्या. मी इतक्या गोड आवाजात “आनतो ना दादा” म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

पोळा होऊन गेला होता. निंदण आटोपलेलं, सोयाबीन कापणीला अवकाश, बाया जरा मोकळ्या होत्या. मी रिठदला म्होरकीच्या अंगणात जाऊन बसले. टोळीतल्या बाकीच्याही आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, स्क्रीनचं, डब्याचं, आणि तो वाकण्याचा विनोदही. एक जण म्हणाली, नाहीच जायचं. दुसरी म्हणाली, जाऊन भांडायचं.

म्होरकी म्हणाली, “भांडायले काय झालं? आपन जाऊ, बसू. अन् तो बाप्या काकू बनून आला का मी सुट्टी करतो.”

सगळ्याजणी खुदखुदल्या. निंदणाऱ्या बायांचा एक नियम आहे. म्होरकीने सुट्टी म्हटलं की जिथे असेल तिथे पात सोडायची. दोन झाडं उरली असली तरी सोडायची. मालकाने कितीही गोड बोलून थांबवलं तरी मागे वळायचं नाही, कारण एकदा थांबलं की तो रोज थांबवतो.

कार्यक्रमाच्या दिवशी कार्यालय भरलं. त्या टोळीने आणखी टोळ्या आणल्या होत्या. ठेवणीतल्या साड्या, डोक्यावर पदर, लहान लेकरं मांडीवर. दुकानदार पहिल्या रांगेत बसून सारखा मागे वळून बघत होता आणि खूश होत होता. दादाने मला आधीच बजावलं होतं की प्रेक्षकांचं हसू मोठं यायला हवं, त्यासाठी बायांमध्ये माईक ठेव. मी ठेवला. कुणाच्या पायाशी ठेवला ते सांगायला नको.

पहिला भाग शांतपणे झाला. दादाने शेती, संस्कृती, मायमाऊली असं बरंच बोलून घेतलं. बायांनी टाळ्याही वाजवल्या. मग ढोलकी वाजली आणि त्याचा मित्र हिरवी साडी नेसून, कंबर हलवत स्टेजवर आला. पातळ आवाजात म्हणाला, “कशा हाय वो बायाओ?”

मी प्रेक्षकांच्या माईकचं बटण पूर्ण वर नेलं.

“चला वो बायाओ,” म्होरकीचा आवाज स्पीकरमधून अख्ख्या कार्यालयात गेला, “सुट्टी झाली!”

आणि बाया उठल्या. एक उठली, दोन उठल्या असं झालं नाही, सगळ्या एकदम उठल्या, शेतात उठतात तशा. खुर्च्या सरकल्या, बांगड्या वाजल्या, लेकरं खांद्यावर गेली, दारात चपला शोधायची गर्दी झाली. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. दादाला आधी वाटलं की हा कार्यक्रमाचाच काहीतरी भाग आहे, तो हसत राहिला. मग त्याचं हसू गेलं. तो माईकमध्ये म्हणाला, “अरे, थांबा... थांबा ना... चहा आहे! थांबा, चहा आहे!”

जाणाऱ्यांतली एक म्हातारी स्टेजपाशी थबकली. तिने साडी नेसलेल्या त्या बाप्याला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, “पदर तं नीट घे, बाबा.”

तेही माईकने घेतलं. मी आनंदाने हेडफोन कानावर दाबून धरला होता आणि माईकचं बटण वरच ठेवलं होतं. रिकाम्या खुर्च्यांमध्ये दुकानदार एकटा उरला. थोड्या वेळाने तोही चप्पल घालून गेला.

दादाने संध्याकाळी मला विचारलं, हे काय झालं. मी म्हटलं, बायांची सुट्टीची वेळ झाली होती, त्या कुणासाठी थांबत नाहीत. त्याने विश्वास ठेवला. शेतात कधी पाऊल टाकलं असतं तर त्याला कळलं असतं की भर दुपारी कुठल्याच टोळीची सुट्टी होत नाही.

दुकानदाराची पुढची जाहिरात गेली, पण या भागाचे पैसे घेऊन दादाने तो कायम ठेवायचा शब्द दिला होता, म्हणून तो काढता येईना. मी नोकरी सोडली. आता माझा कार्यक्रम मी घरच्या फोनवर करते, आणि काकू माझ्याकडे परत आली आहे. मेन शो चालू आहे, तोच दादा, तोच मित्र. साडी मात्र गेली.

पुढच्या पावसाळ्यात मी पोहरादेवीकडे निघाले होते. रस्त्याकडेच्या एका शेतात बाया निंदत होत्या, म्हणून सवयीने थांबले. माझ्या ओळखीची त्यात एकही नव्हती. धुऱ्यावर डबा होता आणि डब्यातून दादा ओरडत होता, “थांबा, चहा आहे!” बाया वाकल्या वाकल्याच त्याच्याबरोबर ओरडल्या आणि हसत सुटल्या. पात संपली तसा त्यांनी तो पुन्हा लावला.

त्यानंतर महिनाभराने वाशिमच्या बसस्टँडबाहेर दादा भेटला. चांगला बोलला. चहाच्या टपरीपाशी उभे राहिलो तेव्हा त्याने आपणहून विषय काढला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

“बरं झालं बाप्पा, तो रिठदचा भाग कोनी आयकलाच नाई. पाह्य ना, आकडा केवढासा हाय. मी रोज पाह्यतो.”

मी आकडा बघितला. त्यातला प्रत्येक फोन मला डब्यात उभा दिसत होता.

“हो दादा,” मी म्हटलं. “कोनीच नाई आयकला.”

तो हलका झाला. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं आणि मला जराही दया आली नाही. माझी बस लागली होती, मी पिशवी उचलली. तेवढ्यात टपरीवाल्याने ग्लास पुढे केले, आणि दादा मला मोठ्याने म्हणाला, “अरे, थांब ना, चहा आहे!”

बाजूला कामावरून परतणाऱ्या बाया बसल्या होत्या, अंगात साडीवर जुने शर्ट, हातात रिकामे डबे. एकीने दुसरीला कोपर मारलं. मग त्या सगळ्याच तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसू आवरेना तशी एक जण उठून उभी राहिली आणि म्हणाली, “चला वो बायाओ!”

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याने आधी शर्टावर काही सांडलंय का ते पाहिलं, मग मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“ह्या काहून हासून राह्यल्या?”

“काय मालूम दादा,” मी म्हटलं आणि बसमध्ये चढले.