बाबांनी शेवटी आधाराचा सांगाडा बांधला

मंडळी, आज मन भरून आलं म्हणून लिहून राहिले.

माझे बाबा मोहाडीजवळच्या राईस मिलमध्ये तांदळाची पोती उचलतात. पाठीला आधार देणारे, अंगावर बांधायचे स्प्रिंगचे सांगाडे मालकांनी आणले, पण बाबा हातही लावेनात. म्हणायचे, "मले कायले? लोक म्हणतीन, बुढा थकला."

आज त्यांचे मिलमधले जोडीदार रामभाऊकाका स्वतःच सांगाडा बांधून आले. काकांची पाठ ठणठणीत आहे! बाबांना म्हणाले, "तूबी बांध. हासतीन तं दोघायलेबी हासतीन."

बाबांनी बांधला. संध्याकाळी घरी येऊन रोजच्यासारखे पाठ धरून खाटेवर आडवे न होता ते आमच्यासोबत खाली मांडी घालून जेवले. हे सगळं हसत हसत त्यांनीच सांगितलं.

काका, तुमचे उपकार विसरणार नाही. मंडळी, तुमच्या माणसासाठी असं कोणी हसं पत्करलं आहे का?