पाच खणांची ट्रॉली

आमच्या ह्यांना कागद वाचायची ॲलर्जी आहे. औषधाची चिठ्ठी असो, लग्नाची पत्रिका असो, हातात घेतात आणि माझ्याकडे सरकवतात. मी बालवाडीत शिकवते. चार-चार वर्षांची पोरं नुसती चित्रं बघून मला गोष्ट सांगतात, आणि घरी हा पन्नाशीचा घोडा! पण डोंबिवली एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर आमचा स्कूटर दुरुस्तीचा गाळा आहे, तो ह्यांच्या उजव्या हातावर चालतो. इंजिनावर हात ठेवून काय बिघडलंय ते सांगतात. त्या एका हातावर आमचं घर उभं आहे, हे मी तोंडावर कधी बोलले नाही. कशाला डोक्यावर चढवायचं?

गेल्या वर्षी शीळफाट्याच्या एका दुकानातून ह्यांनी हत्यारं ठेवायची चाकांची ट्रॉली आणली. पत्र्याची, पाच खणांची, लालभडक. आणली म्हणजे सुटी आणली, जोडायची आपणच. मी म्हटलं, "अहो, आधी कागद बघा." तर म्हणे, "अख्खं इंजिन खोलून जोडतो मी. डबा जोडायला कागद लागतो?"

आणि बसले हातोडी घेऊन. दोन तास नुसती ठोकाठोक. शेवटी चार स्क्रू उरले, तर "कंपनी जास्तीचे देते गं," असं मलाच समजावलं. ब्रेकची दोन चाकं पुढे हवीत, ती बसवली मागे, भिंतीकडे, जिथे पाय काय, उंदीरसुद्धा पोचायचा नाही. आणि वाकलं की कंबर दुखते म्हणून जड पाने, हातोडे, साखळ्या, सगळं वरच्या खणात. वा रे कारागीर!

मग तो कागद मी वाचला. स्टुलावर बसून, मोठ्याने, मुद्दाम. जड सामान खाली ठेवा. ब्रेक लावा. एका वेळी एकच खण उघडा. शेजारी चित्र होतं. सगळे खण उघडे, ट्रॉली एका बिनचेहऱ्याच्या माणसावर कलंडलेली, वर लाल फुली. "बघा, तुमचाच फोटो छापलाय," मी म्हटलं. शेजारच्या गाळ्यातला वेल्डर खो खो हसला. हे हसले नाहीत. मला बरं वाटलं.

काही महिन्यांनी दसरा आला. दरवर्षी आम्ही हत्यारं पुसून पाटावर मांडतो, हळद-कुंकू वाहतो, झेंडू घालतो. ह्या वेळी मलाच सुचलं. "पाटावर कशाला मांडायची? एवढी ट्रॉली आहे ना? सगळे खण उघडा, पायऱ्यांसारखे. प्रत्येकात फुलं घालते. फोटो काय येईल!" खरं सांगायचं तर तो फोटो मला बालवाडीतल्या बायकांना पाठवायचा होता. शोबाजी करणाऱ्यांना एरवी नावं ठेवते मी.

ह्यांनी ट्रॉलीकडे बघितलं. "सगळे एकदम?"

"वर्षातून एकदा तरी माझ्या मनासारखं करा."

केलं बिचाऱ्यांनी. मी पाचही खणांत हळद-कुंकू वाहिलं, माळा सोडल्या. नारळ तेवढा राहिला होता. वरच्या खणात त्याला जागा होईना, म्हणून मीच तो खण आणखी पुढे ओढला, पार शेवटपर्यंत. ट्रॉली हलली आणि माझ्या अंगावर यायला लागली. ह्यांनी डाव्या हाताने मला ढकललं, एवढ्या जोरात की मी टायरांवर जाऊन आपटले, आणि उजवा हात ट्रॉलीला लावला. ती थांबते थोडीच? खणाची कड आणि लादी यांच्यामध्ये हात सापडला. वेल्डर धावत आला तेव्हा मी पूजेचं ताट हातात धरून तशीच पडले होते.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हात वाचला, पण दोन बोटं आता मिटणार नाहीत. म्हणजे पाना धरता यायचा नाही. हे बँडेजकडे बघत राहिले.

संध्याकाळी आसपासच्या गाळ्यांतले लोक भेटायला आले. कसं काय झालं, सगळे विचारत होते. हे पलंगावरून म्हणाले, "माझीच चूक. ही बिचारी कागद वाचून सांगत होती, मी ऐकलं नाही." खण कोणी उघडायला लावले, वरचा कोणी ओढला, त्यातलं एक अक्षर नाही.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या दोघांत तो कागद वाचलेली मी एकटीच होते. तोंड उघडायची हीच वेळ होती.

मी म्हटलं, "सांगत होतेच मी."